काकूंना माझ्याकडून

गावात बार तीन आणि तिन्ही एकाच रस्त्यावर. रस्ता चढाचा. खालचा बार बसथांब्यापाशी, मधला वळणावर, आणि वरचा जिथे रस्ता संपतो तिथे. रस्त्याबरोबर पुष्कळांचं शहाणपणही तिथेच संपायचं. गावातले पुरुष खालून सुरुवात करायचे आणि वर पोचायचे. खाली कोण कसा उतरला, हे दुसऱ्या दिवशी काकूंच्या लाँड्रीत कळायचं.

लाँड्री वळणाच्या जरा अलीकडे. पुढे काउंटर, मागे धुण्याची दोन मोठी यंत्रं, त्यामागे इस्त्रीची खोली, आणि जिना चढून वर घर. नवरा गेला तेव्हा काकूंना सही करता येत होती आणि कपड्यांवरच्या चिठ्ठ्यांचे आकडे वाचता येत होते, बस्स. तेवढ्यावर त्यांनी दुकान चालवलं, मुलगा वाढवला, आणि गावातल्या भल्याभल्यांना काउंटरपलीकडे उभं करून गप्प बसवलं. शाळेत न शिकवलेली एक विद्या मात्र त्यांच्याकडे होती. नाक. कपडा हातात आला की आधी नाकाला, मग पाण्याला. डाग कशाचा आहे ते ओळखल्याशिवाय पाणी घालायचं नाही, असा त्यांचा नियम. चुकीच्या डागावर गरम पाणी पडलं की तो डाग जन्माचा भाडेकरू होतो, निघता निघत नाही.

कॉलर नाकाला लावून काकू सांगायच्या, हा काल मधल्या बारमध्ये होता, पहिल्यांदा बीअर घेतली, मग कुणाच्या तरी पैशांनी रम. त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायच्या. बायकोला कधी सांगायच्या नाहीत. "नाक माझं, तोंडही माझं," म्हणायच्या. "एक उघडं ठेवते, एक झाकून. दोन्ही उघडी ठेवली तर या गावात एक संसार टिकायचा नाही."

अशा बाईचा मुलगा दारुडा निघाला.

मुलगा शहरात लिफ्ट दुरुस्त करायचा. चांगला कारागीर, हात सोन्याचे. पण ते हात सकाळी थरथरायला लागले, आणि एके दिवशी सोसायटीच्या लोकांनी त्याला लिफ्टच्या टपावर गाढ झोपलेलं शोधून काढलं. लिफ्ट आठव्या मजल्यावर, हा वर, आणि आत एक म्हातारी घंटा वाजवून दमलेली. मालकाने हाकललं नाही, रजेवर पाठवलं. सुनेने मात्र सरळ त्याला बसमध्ये बसवून काकूंकडे रवाना केलं. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. बोलायची थोडं, पण जे बोलायची ते भिंग लावून नेमकं बोलायची.

"आई, मी थकले," फोनवर ती म्हणाली होती. "पोरगी रोज विचारते, बाबा बरा होऊन येणार का. मी काय सांगू?"

"सांग, येणार," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे पाठव. माझ्या गावात त्याला थेंब कोण पाजतो तेच बघते. कोरडा करून परत देते. माझा शब्द."

काकूंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सुनेला ते ठाऊक होतं. नवऱ्याच्या शंभर शपथांवर तिचा विश्वास उरला नव्हता, पण सासूच्या एका शब्दावर होता.

काकूंनी एका दुपारी खालून वर रस्ता चढत तिन्ही बारमालकांना दाराबाहेर बोलावून गाठलं. तिघांचे टेबलक्लॉथ आणि पुसायचे टॉवेल काकूंच्याच यंत्रात पडायचे. "माझ्या पोराला कुणी ग्लास दिला," काकूंनी सांगितलं, "तर आपले टेबलक्लॉथ आपल्या बायकोकडून धुवून घ्यायचे. आणि धुताना तिला काय काय वास येईल ते तुमचं तुम्ही निस्तरा." तिघांनीही माना डोलावल्या. वरच्या बारवाल्याने तर कानाला हात लावला.

मग रोज संध्याकाळी एकच कार्यक्रम. मुलगा फिरून आला की काकू दारात उभ्या. "तोंड उघड." मुलगा लहानपणी गोळ्या चोरून खाल्ल्यावर उघडायचा तसं तोंड उघडायचा. काकू हुंगायच्या. चहा. कांदा. कधी नुसती सिगारेट. चार महिने झाले, दुसरं काही नाही. पोराच्या गालावर रंग आला, हात थांबले. दुकानातली जुनी इस्त्री त्याने उघडून, साफ करून अशी बसवली की तिच्यातून वाफेची शिट्टी निघायला लागली. काकूंनी सुनेला फोन केला. "ये आणि घेऊन जा. माल तयार आहे."

सून दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने येणार होती. आणि आदल्या संध्याकाळी मुलगा काउंटरपाशी घुटमळायला लागला.

"आई, मिस्त्री उद्या पहाटे जातोय."

मिस्त्री म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र, गॅरेजवाला. दोघे एकाच फुटबॉल संघात होते. मिस्त्री पुढे खेळायचा, हा गोलमध्ये उभा राहायचा, म्हणून अख्खं गाव अजून त्याला गोली म्हणायचं. मिस्त्रीला परदेशात जहाजांच्या इंजिनावर काम मिळालं होतं, आणि तो परत येईल असं कुणालाच वाटत नव्हतं.

"जाऊ दे की. त्याच्या पायात बेडी घातलीय का कुणी?"

"संघातले सगळे जमतायत. एकदा खालून वर जायचं, पूर्वीसारखं. मी सोडा घेईन."

"सोडा घरातही आहे."

"घरात मिस्त्री नाही."

"बोलव त्याला घरी."

"आई, मी बेचाळीस वर्षांचा आहे."

"तेच तर दुखणं आहे. बारा वर्षांचा असतास तर एक ठेवून दिली असती आणि कडी लावली असती."

तो हसला. मग म्हणाला, "उद्या तिच्याबरोबर जायचंय ना मी? तिकडे तर दर चौकात बार आहे. तिथे तू दारात उभी राहणार आहेस का?"

उत्तर नसलं की काकू उठायच्या. त्या उठल्या, वर गेल्या, आणि ठेवणीतली निळी शाल अंगावर घेऊन खाली आल्या.

"कुठे निघालीस?"

"बारला. आईला बरोबर न्यायला लाज वाटते?"

मुलाने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाला नाही.

खालच्या बारमध्ये काकूंनी पाऊल टाकलं आणि आतला गोंगाट कुणी बटण दाबल्यासारखा बंद झाला. मालक काउंटरमागून धावत आला.

"काकू! टेबलक्लॉथचं काही राहिलं का?"

"माझं राहिलंय. आयुष्यात एकदा तुझं दुकान बघायचं राहिलंय. दोन सोडे दे, लिंबू पिळून. आणि बाटली माझ्यासमोर फोड."

संघ हसला. मिस्त्रीने खुर्ची पुढे केली. "बसा काकू. आज पंच आमच्या टेबलावर आहेत, कुणी फाऊल करू नका रे." पोट सुटलेली, टक्कल पडलेली ती पोरं जुने सामने पुन्हा खेळायला लागली. गोलीने कुठला गोल अडवला, कुठला पायांमधून सोडला. मुलगा हसत होता, सोडा पीत होता, आणि काकूंना वाटलं, एवढंच ना? एवढ्याला मी घाबरले?

तेवढ्यात कोपऱ्यातून निवृत्त पोस्टमन उठले. हळूहळू चालत आले. त्यांच्या हातात भरलेला ग्लास होता. तो त्यांनी काकूंसमोर ठेवला.

"काकूंना माझ्याकडून."

"मी घेत नाही, पोस्टमन. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे हो. पण माझी बायको अंथरुणावर होती, तेव्हा तुम्ही रोज तिच्या चादरी धुवून द्यायचात. कसल्या कसल्या चादरी. एका शब्दाने कधी बोलला नाहीत. शेवटच्या सकाळी तिच्या खाली होती ती चादर पांढरीशुभ्र होती. तुम्ही कधी बाहेर पडत नाही, मला कधी काही देता आलं नाही. नुसता समोर राहू द्या." आणि ते आपल्या कोपऱ्यात जाऊन, काकूंकडे तोंड करून बसले.

आता हा ग्लास परत कसा करायचा? जिभेला धार असलेल्या बायकांची एक पंचाईत असते. कुणी अंगावर आलं तर त्यांना सुचतं, पण कुणी हात जोडले की जीभ टाळूला चिकटते. ग्लास तसाच राहिला. आणि काकूंनी मुलाकडे पाहिलं.

मुलगा मिस्त्रीशी बोलत होता. पण त्याचे डोळे. बोलता बोलता ते ग्लासाला शिवून परत जायचे, पुन्हा यायचे. विस्तवावरच्या दुधाकडे बाई बघते ना, दुसरं काम करता करता, तसे. त्याची बोटं टेबलावर आली. ग्लासापासून वीतभर अंतरावर थांबली.

"आई, दे इकडे," तो हळूच म्हणाला. "मी बाहेर जाऊन कुंडीत ओतून येतो."

ओतशील रे, पण कशात? असं काकूंच्या मनात आलं. कुंडी बाहेर अंधारात होती. त्यांनी ग्लास उचलला, डोळे मिटले, आणि काढा घ्यावा तसा एका दमात घशाखाली घातला.

घशात जाळ उतरला. डोळ्यांतून पाणी आलं. बार टाळ्यांनी दणाणला. पोस्टमन उभे राहून डोळे पुसत होते.

काकूंना वाटलं, संपलं. गाव कसं असतं ते जन्म गावात काढूनही त्या क्षणी विसरल्या. एकाकडून घेतलं की सगळ्यांकडून घ्यावं लागतं. ज्याचं घेतलं नाही त्याचा अपमान.

मधल्या बारमध्ये त्या पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. शाल सावरून खुर्चीत टेकतात तोच बेकरीवाला ग्लास घेऊन हजर. "काकूंना माझ्याकडून. माझे पिठाचे झगे तीस वर्षं धुतलेत." त्याच्यामागे शाळेचा शिपाई. "काकूंना माझ्याकडून. साहेबांच्या कोटावर माझ्या हातून शाई सांडली, तुम्ही रातोरात काढलीत, नाहीतर नोकरी गेली होती."

"अरे मेल्यांनो, धुण्याचे पैसे घेतले होते मी!"

"शाईचे घेतले नव्हते, काकू."

"पोस्टमनची घेतली आणि माझी नाही होय?" बेकरीवाल्याचा चेहरा खरोखर पडला.

तीन ग्लास. मग पाच. एकेक जण येत होता, हात जोडून ठेवत होता, आणि दूर जाऊन कौतुकाने बघत होता. मुलाला कुणी थेंब देत नव्हतं. काकूंच्या धाकाने त्याच्यासमोर लिंबूसोड्याशिवाय काही येत नव्हतं. आणि त्याच टेबलावर, त्याच्या आईसमोर, अख्खं गाव रांग लावून दारू मांडत होतं. असा पहारा कुणी कधी केला नसेल, की चोराला बाहेर अडवावं आणि तिजोरी अंगणात आणून ठेवावी.

"घरी चल," काकू मुलाला म्हणाल्या.

"आई, मिस्त्रीला वरपर्यंत सोडू. त्याला वचन दिलंय. तू हवं तर जा ना घरी, मी येतो."

मी गेले तर हे ग्लास कोण घेईल? काकू उठल्या नाहीत. थोडं स्वतः प्यायल्या. थोडं कुणी बघत नाही असं पाहून शालीच्या टोकावर ओतलं, टोक जड झालं. एक ग्लास मिस्त्रीपुढे सरकवला. तो रिकामा झाला, पण त्याच्या जागी शिंपी नवा घेऊन आला. मुलगा बघत होता. मधूनच त्याने आईच्या हातावर हात ठेवला. "पुरे ना. तुला सवय नाही. मला तुझी भीती वाटतेय."

"तुला माझी? मला तुझी वाटतेय!"

"मी काही केलंय का आज?"

"अजून नाही."

ते 'अजून' मुलाला लागलं. त्याने हात काढून घेतला आणि सोड्यातली लिंबाची बी बोटाने शोधत बसला.

वरच्या बारपर्यंतचा चढ काकूंनी मुलाच्या खांद्याला धरून चढला. रस्त्यावरचे दिवे एकाचे दोन झाले होते. त्यांना आणखी एक गोष्ट जाणवली. त्यांना वास येत नव्हता. बेकरीवरून गेले, पावाचा वास नाही. गटारावरून गेले, गटाराचा नाही. सगळ्या जगाला एकच वास होता आणि तो त्यांच्याच तोंडातून येत होता.

वरच्या बारमध्ये लोक त्यांना बघून आनंदाने ओरडले. काकू डुलतायत हे बघून कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढं मात्र काकूंना सहन झालं नाही. त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"काय बघता रे? बाई बघितली नाही कधी? तुमच्यातल्या एकेकाच्या चड्डीचा इतिहास मला पाठ आहे, सांगू इथे? माझ्या टेबलाकडे परत कुणी मान वळवली तर याद राखा!"

बार चिडीचूप झाला. सगळ्यांनी पाठी फिरवल्या. मालकाने तर काउंटरवरचा आरसासुद्धा कापड टाकून झाकला. तरी ग्लास येतच राहिले. पाठ वळवलेला माणूस मागे हात करून ठेवायचा. "काकूंना माझ्याकडून," असं भिंतीकडे तोंड करून पुटपुटायचा.

संघ मिस्त्रीला खांद्यावर घेऊन काउंटरपाशी गात होता. टेबलावर आई आणि मुलगा, दोघंच. काकूंसमोर दोन ग्लास होते. एक भरलेला, एक अर्धा. मुलाचे हात मांडीवर होते. एवढं त्यांनी नीट पाहिलं. मग डोळ्याची पापणी खाली आली. त्यांनी ती वर ढकलली. पुन्हा आली. दुकानाचं शटर पडतं तशी, धरून राहत नाही.

"बाळ, हात वर ठेव. मला दिसतील असे," त्या म्हणाल्या. म्हणाल्या की नुसतं वाटलं, कोण जाणे.

मग मध्येच, खूप वेळाने की लगेच, त्यांनी डोळे उघडले. मुलगा त्यांच्यावर वाकून शाल नीट करत होता. टेबलावर दोन्ही ग्लास रिकामे होते.

जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. काकू आपल्या पलंगावर होत्या. चपला पलंगाखाली जोडीने ठेवलेल्या, उशाशी पाण्याचा तांब्या. खालून वाफेची शिट्टी ऐकू येत होती. मुलगा इस्त्री करत होता.

कठड्याला धरून त्या खाली आल्या. मुलगा आंघोळ, दाढी करून तयार होता. प्रवासाची बॅग दाराशी. मागच्या अंगणातल्या तारेवर त्याचा कालचा शर्ट धुवून, झटकून वाळत घातलेला. पाणी टपटपत होतं.

काकू शर्टाकडे बघत राहिल्या.

"तू का धुतलास?"

"तू ओकलीस त्याच्यावर. वाटेत. तुला खांद्यावर घेतलं होतं." तो मान वर न करता म्हणाला. "गार पाण्यात धुतला आधी. शिकवलंस तसा."

तसं झालं असेल. जीभ कडू होती, आपण ओकलो असू हे काकूंना पटत होतं. आणि काही लपवायचं असतं, तरीही पोराने हेच केलं असतं.

"ते दोन ग्लास कुणी संपवले?"

"कुठले?"

"शेवटचे. वरती."

"तूच की."

"दोन्ही?"

"आई, तू घेत होतीस. मी मोजत नव्हतो."

"तू घेतलीस का?"

"नाही."

हे 'नाही' काकूंनी हजारदा ऐकलं होतं. खरं असताना ऐकलं होतं, खोटं असतानाही ऐकलं होतं. दोन्ही वेळा पोरगा असाच, डोळ्यांत डोळे घालून म्हणायचा. म्हणून तर त्यांनी कानांवर भरवसा ठेवणं सोडून दिलं होतं.

"तोंड उघड."

मुलाने इस्त्री उभी ठेवली. जवळ आला आणि तोंड उघडलं. काकूंनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. दारूचाच वास होता, पण तो काकूंच्या शालीचा होता, केसांचा होता, श्वासाचा होता. त्याच्यापलीकडे काय आहे ते हाती लागेना. मुलगा तोंड उघडून उभा होता, डोळे आईच्या चेहऱ्यावर, दाताच्या डॉक्टरकडे बसावं तसा. शेवटी काकूंनीच मान फिरवली.

"मिट."

मिस्त्री पहाटे निघून गेला होता. काकू शाल तशीच गुंडाळून रस्ता चढून वरच्या बारमध्ये गेल्या. खुर्च्या टेबलांवर पालथ्या घातल्या होत्या आणि मालक फरशी धूत होता. काकूंना बघून त्याने झाडू खाली ठेवला.

"खरं सांग. काल माझ्या पोराने घेतली का?"

"काकू, तुमची शपथ, मला माहीत नाही."

"तुझ्या बारमध्ये, तुझ्या डोळ्यांदेखत!"

"डोळ्यांदेखत कुठे? तुम्हीच म्हणालात, कुणी मान वळवायची नाही. कुणाची हिंमत होती का? तुमच्या टेबलाकडे काल अख्ख्या बारमध्ये कुणी बघितलं नाही. आरसासुद्धा झाकला होता हो मी." आणि घाबरत म्हणाला, "टेबलक्लॉथ तुमच्याकडेच देऊ ना?"

काकू मागे फिरल्या. उतार उतरताना त्यांना बेकरीवाला भेटला, त्याने लवून नमस्कार केला. शिंप्याने दुकानातून हात केला. सगळ्या गावाला काकू आवडत होत्या. काल रात्रीनंतर तर जास्तच.

दुपारच्या बसमधून सून उतरली. हातात एक रिकामी पिशवी, नवऱ्याचे उरलेसुरले कपडे घालायला आणलेली. ती दुकानाच्या पायरीवर आली आणि थांबली. तिचंही नाक काही वाईट नव्हतं. इतक्या वर्षांत तयार झालं होतं.

मुलगा काउंटरमागे उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. सरळ काकूंकडे पाहिलं.

"आई, वास कसला येतोय?"

"माझा आहे," काकू म्हणाल्या. "काल मी घेतली. गावाने पाजली."

"तुम्ही?"

"ह्याने घेऊ नये म्हणून मी घेतली." मोठ्याने म्हटल्यावर ते काकूंना स्वतःलाच वेड्यासारखं वाटलं.

सून पायरीवरून आत आली. मग म्हणाली, "आणि ह्यांनी?"

मुलाने तोंड उघडलं. "मी नाही..."

"तुम्हाला विचारलं नाही मी. आई, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते मला मान्य आहे. तुम्ही शब्द दिला होता."

काकू उभ्या होत्या. एक 'नाही' म्हटलं की काम झालं असतं. सून घेऊन गेली असती, पोरीला बाप मिळाला असता, मालकाने कामावर घेतलं असतं. आणि काकूंना 'नाही' म्हणताही येत होतं, तोंडापर्यंत आलंही. पण ते अगदी पोराच्या 'नाही'सारखं आलं. डोळ्यांत डोळे घालून म्हणायचं, तसलं. त्यांनी ते गिळलं.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. जन्मात हे वाक्य त्यांच्या तोंडून या दुकानात निघालं नव्हतं. "झोप लागली मला. कुणी बघितलं नाही. शर्ट धुतलाय."

सुनेने तारेवरच्या शर्टाकडे पाहिलं. राग आल्यासारखी दिसली नाही. आश्चर्य वाटल्यासारखीही नाही.

"माझी रोजची सकाळ अशीच असायची, आई," ती म्हणाली. "अगदी अशीच."

खाली बस वळून उभी राहिली होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मुलाने बॅग उचलली, पण पाऊल टाकलं नाही. आधी आईकडे, मग बायकोकडे पाहून तो तसाच थांबला. सून अंगणात गेली. तिने शर्ट तारेवरून काढला, नाकाशी नेला, क्षणभर धरला. साबणाचा वास येत असणार, दुसरा कशाचा येणार? मग तिने तो ओलाच घडी केला आणि पिशवीच्या तळाशी घातला.

"चला," ती म्हणाली. "बस चुकेल."

ओला कपडा घडी करून पिशवीत घालायचा नसतो. शहरात पोचेपर्यंत त्याला कुबट वास धरेल, आणि तो वास दहा धुण्यांत जात नाही. हे काकूंइतकं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी हात पुढे केला, ओठ उघडले. मग हात खाली घेतला.

दोघं उतार उतरत बसकडे गेली. आधी ती, चार पावलं मागे तो. काकू काउंटरला धरून बघत राहिल्या. पिशवीच्या तळातून रस्त्यावर थेंब पडत होते.